ओढ्यापर्यंत आलेलं स्वातंत्र्य

माघ सरत आला की आमच्याकडे कांद्याचा वास सुटतो. उपटलेला कांदा पातीसकट वाफ्यांत पसरलेला असतो, दुपारच्या उन्हात त्याची साल कागदासारखी वाजायला लागते, आणि तो उग्र-गोड वास कॉलेजच्या उघड्या खिडक्यांतून सरळ परीक्षेच्या हॉलमध्ये येऊन बसतो. मुलं मान खाली घालून लिहीत असतात. बाहेर द्राक्षांचे क्रेट भरायला आलेल्या बायकांचा गलका, लांबवर शिवनेरीचा कडा धुरकट झालेला, आणि रस्त्यानं उसाची शेवटची ट्रॉली कण्हत चाललेली. ऊस तुटला की बिबट्या उघडा पडतो, म्हणून या दिवसांत मुलींना दिवस मावळायच्या आत घरी सोडावं लागतं. आमचं टाइमटेबल बिबट्याला विचारून लावतात, असं मी नव्या प्राध्यापकांना सांगते. पुण्याहून आलेले हसतात. इथले हसत नाहीत.

यंदा बऱ्याच वर्षांनी तृतीय वर्षाचा युरोपचा पेपर माझ्याकडे आला. ज्या सहकाऱ्यांच्या गळ्यात मी तो घातला होता ते निवृत्त झाले. उजळणीच्या तासाला एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आयर्लंड येईल का हो परीक्षेला?"

"येईल," मी म्हणाले आणि फळ्याकडे वळले. खडू हातात तसाच राहिला.

परीक्षेत आयर्लंड आठ गुणांचं. मुलं ते पाठ करतात आणि विसरून जातात. मीही तसंच शिकवत होते, एका माघापर्यंत. त्या वर्षी सकाळी मी वर्गात आयर्लंड शिकवत होते आणि दुपारी जुन्नरला तहसील कचेरीसमोर धरण्याच्या मंडपात जाऊन बसत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या की आज एक आठवली की दुसरी आपोआप वर येते. मला ती वर यायला नको असते.

आमची वस्ती आळे गावापासून बरीच आत. मधून ओढा वाहतो. ओढ्याच्या अलीकडे, सडकेच्या बाजूला, भावकीतली वीसेक घरं, विहार, पिंपळ. पलीकडे आमची पाच-सहा घरं आणि माळाला लागलेली शेतं. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा दोन्ही काठांवरची माणसं एकाच पंगतीला बसली होती, असं घरात सांगायचे. वस्तीवरून डांबरी सडकेला जायला वाट एकच. गावाच्या नकाशावर ती तुटक रेघेनं दाखवलेली आहे. ती एका मोठ्या बागायतदाराच्या रानातून जायची. त्याच्या वडिलांच्या काळात त्या वाटेनं बैलगाडी जात होती, कुणी अडवत नव्हतं. मुलाच्या हातात कारभार आला, द्राक्षबाग लागली, तारेचं कुंपण झालं, आणि आमची वाट बागेच्या पोटात गेली. आम्ही बांधाबांधानं, उसाच्या कडेकडेनं ये-जा करायला लागलो. सवय झाली. सवय ही फार वाईट गोष्ट आहे.

मग एका श्रावणात माझ्या वडिलांच्या, नानांच्या, छातीत कळ आली. अँब्युलन्स सडकेवर येऊन उभी राहिली. तिला आत यायला वाट नव्हती. नानांना बाजेवर घातलं. माझा धाकटा भाऊ मिलिंद, शेजारची दोघं, आणि डोक्याच्या बाजूला विलासदादा. विलासदादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, ओढ्याच्या अलीकडचा. आळेफाट्याला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. चार माणसांत बोलायला बसला की बाकीचे ऐकत राहायचे. त्या दिवशी चिखलानं बांध निसरडे झाले होते. मी आणि आई मागून चाललो होतो, आणि मला आजही ऐकू येतो तो विलासदादाचा आवाज. तो सारखा बोलत होता. "नाना, आलोच. नाना, डोळं उगडं ठेवा. ती बगा, सडक दिसती."

सडक आली तेव्हा नाना नव्हते. अँब्युलन्सच्या माणसानं मनगट हातात घेतलं, मग खाली ठेवलं. विलासदादा बाजेचा पाय धरूनच उभा होता. त्याला सोड म्हणावं लागलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात दोन्ही काठांची माणसं जमली. भन्तेंचं झाल्यावर विलासदादा उभा राहिला. "नाना गेलं," तो म्हणाला. "आता या वस्तीतलं दुसरं मानूस बाजेवर जानार न्हाई. रस्ता झाल्याबिगर मी गप बसनार न्हाई. आन रस्ता हुईल तो शेवटच्या घरापत्तुर." शेवटचं घर आमचं. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, नानांनंतर या घराला कुणीतरी आहे.

तो माघ असा सुरू झाला. कचेरीसमोर मंडप, खाली ताडपत्री, मागे निळं कापड. अलीकडच्या-पलीकडच्या बायका डोक्यावर पदर ओढून रांगेनं बसलेल्या. कुणी भाकरी-पिठलं आणायचं, कुणी कलिंगड. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि हसून पुढं जायचे. "रस्ता मागत्यात राव, घरात येक गाडी न्हाई," असं एकजण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला होता. आमच्याच ओळखीतले काही शिकलेले लोक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायचे.

सकाळी वर्गात मी मुलांना सांगत होते, की डब्लिन शहरात मूठभर माणसांनी पोस्टाची मोठी इमारत ताब्यात घेतली आणि प्रजासत्ताक जाहीर केलं, तेव्हा शहरातली माणसं त्यांना हसली होती. काहींनी शिव्या घातल्या. बटाटा सडून लाखो माणसं मेलेला तो देश, ज्यातून त्या उपासमारीतही धान्याची जहाजं बाहेर जात होती. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर राबलेला. तरी लोक हसले. मग ब्रिटिशांनी पकडलेल्यांना तुरुंगाच्या आवारात एकामागून एक गोळ्या घातल्या आणि हसणारे गप्प झाले. त्या गप्प झालेल्या माणसांतूनच पुढचा लढा उभा राहिला.

आमच्याकडे गोळ्या नव्हत्या, पण पोलीस आले. मिलिंदला आणि दोन पोरांना उचलून नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मंडपात माणसं मावेनात. आजूबाजूच्या वस्त्यांतून आली, काही मराठा घरांतलीही आली. एक म्हातारे गृहस्थ फेटा सावरत आईजवळ येऊन म्हणाले, "त्या वाटंनं मी सोता गाडी हाकलीय. साक्ष द्यायला येतो."

एका दुपारी विलासदादानं मला पुढं केलं. "वैशू, सकाळी पोरान्‌ला सांगतीस ती गोष्ट हितं सांग. बायाबी ऐकत्याल."

मी सांगितली. बायकांच्या पुढं बसून, मराठीत, तारखा गाळून. दुष्काळ, जमिनी, पोस्टाची इमारत, डोंगरांतून लपून केलेली लढाई. नवऱ्यांना लपवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बायका. सगळ्या हुंकार भरत होत्या. मग लंडनच्या बोलण्यांवर आले. आयर्लंडची माणसं तिथं गेली. त्यांच्यात लढाईचा सूत्रधार असलेला एक तरुण नेता होता. समोरच्यांनी सांगितलं, आत्ता सही करा, नाहीतर भयंकर युद्ध होईल. घरी विचारून येण्याची मुभा नावापुरती राहिली. त्यांनी सह्या केल्या. देशाला स्वतःचं राज्य मिळालं, पण राजाशी निष्ठेची शपथ राहिली. आणि उत्तरेचे सहा परगणे आधीच तोडून वेगळे काढले होते, ते तसेच मागे राहिले.

"आन मंग?" एकीनं विचारलं.

"मग आपसातच लढाई झाली. सही मानणारे आणि न मानणारे. काल एका खंदकात झोपलेल्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. नव्या सरकारनं आपल्याच माणसांना भिंतीशी उभं केलं, इंग्रजांनी केलं होतं त्याहून जास्त जणांना."

सगळ्या च् च् करू लागल्या. विलासदादा ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसून ऐकत होता. तो म्हणाला, "पर त्या पोरानं बरूबरच केलं की. पदरात पडलं त्ये घ्यावं."

"आणि मागं राहिलेली माणसं?"

"त्यांला मागनं सोडवलं आसंल."

"नाही सोडवलं, दादा."

"मंग त्यो मागनं आलेल्यांचा गुन्हा," तो म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

हे बोलणं मला तेव्हा बोलण्यासारखंच वाटलं. इतिहासावर माणसं मतं देतात, त्यात काय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कचेरीत बोलणी ठरली. आमच्या बाजूनं विलासदादा आणि अलीकडचे आणखी दोघं. पलीकडचं कुणी नव्हतं, आणि ते आम्हाला खटकलंही नाही. विलासदादा म्हणजे आम्हीच. मी त्या दुपारी कॉलेजात पर्यवेक्षणाला होते. उत्तरपत्रिका गोळा करून, सील करून मी एसटी पकडली. जुन्नरला उतरले तेव्हा ताशाचा आवाज येत होता. मंडपात निळा गुलाल उडत होता, विलासदादाला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं. मीसुद्धा हसले. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला.

मग मला मिलिंद दिसला. तो गर्दीच्या बाहेर, चपला घालून उभा होता. त्याच्या अंगावर गुलालाचा कण नव्हता. तो गर्दी सारून पुढं गेला आणि खांद्यावर बसलेल्या विलासदादाच्या पायाला धरून त्यानं विचारलं, "ओढ्याच्या पल्याडचं काय?"

विलासदादा खाली उतरला. "त्ये दुसऱ्या टप्प्यात."

"दुसऱ्या टप्प्यात म्हंजी?"

"ओढ्यापत्तुर रस्ता मंजूर झालाय. पल्याडची मोजनी व्हायचीय. मोजनी झाली की तितला इशय निगल."

"मोजनी कंदी?"

"हुईल की मिलिंद. आज आनंदाचा दिस हाय."

"सही केलीस?"

विलासदादानं मान ताशांकडे वळवली. ताशेवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवत राहिले. आई ताडपत्रीवर बसलेली होती तशीच बसून राहिली. मी तिच्याजवळ गेले तर ती म्हणाली, "कपाळ पूस."

बागायतदारानं ओढ्यापर्यंतची पट्टी सोडली होती. पुढच्या तुकड्यात त्याची नवी विहीर आणि पाइपलाइन होती, तो तुकडा त्यानं सोडला नाही. बोलण्यात अधिकाऱ्यांनी सांगितलं, की आजच्या आज मिटवा. मिटलं नाही तर मंडप उठवू आणि पोरांवर गुन्हे दाखल होतील. ही धमकी खोटी होती असं मी म्हणत नाही. विलासदादा घाबरला असेल, पोरांसाठी घाबरला असेल. कचेरीच्या दारापासून मंडप हाकेच्या अंतरावर होता. तो बाहेर आला तो सही करूनच.

रस्त्याचं काम लगेच सुरू झालं. मुरमाचे ढीग पडले, रोलर आला. पलीकडच्या घरांनी पुन्हा मंडपात बसायचं ठरवलं, पण या वेळी ताडपत्रीवर आम्हीच. आईच्या शेजारच्या जागा मोकळ्या. अलीकडच्या बायका बाजारात भेटल्या की नजर वळवायच्या. एकजणी तेवढी म्हणाली, "तुमच्या पायी आमचाबी रस्ता आडंल गं." वीस घरांच्या मनात काय आहे ते तिनं सांगून टाकलं. मला तिचा राग आला नाही.

मंडपात कुणी लक्ष देईना. मग एका सकाळी मिलिंद आणि पलीकडची चार पोरं रोलरपुढं आडवी झाली. "रस्ता झाला तर शेवटच्या घरापर्यंत, नाहीतर नको," असं मिलिंद ओरडत होता. रोलर थांबला. ऊन चढत होतं. अलीकडची माणसं जमली, आणि त्यांच्यातून विलासदादा पुढं झाला. पोलिसांना बोलावलेलं नव्हतं. बोलवायची गरजच पडली नाही. विलासदादानं मिलिंदच्या काखांत हात घातले आणि त्याला मागे ओढलं. मिलिंदच्या टाचा मुरमात घासत गेल्या, दोन ओळी उमटल्या. मिलिंद हात-पाय झाडत नव्हता, शिव्या देत नव्हता. मान वर करून तो विलासदादाच्या तोंडाकडे बघत होता. नानांना नेताना ज्या हातांनी बाज धरली त्याच हातांत तो होता, आणि त्या हातांशी झटापट कशी करायची ते त्याला माहीत नव्हतं.

मुरूम पसरला. रोलर पुढं गेला. ओढ्याच्या काठावर येऊन थांबला.

त्याच दिवसांत आमच्या कॉलेजात एक पाहुणी आली. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या अँटेना आहेत, आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या. त्यांच्या कामासाठी ती काही महिन्यांपुरती राहायला आली होती. नोरा तिचं नाव, पन्नाशीची, उन्हानं नाक लाल झालेलं. मुलांपुढं ताऱ्यांवर बोलून झाल्यावर प्राचार्यांनी तिला मराठी पद्धतीनं जेवू घालण्याचं काम माझ्यावर सोपवलं. ती आयरिश आहे हे मला आळेफाट्याच्या हॉटेलात, ट्रकच्या हॉर्नमध्ये, मिसळ खाताना कळलं. मी चमचा खाली ठेवला.

तिचं गाव उत्तरेत होतं, फर्मॅना परगण्यात, सीमेच्या त्या बाजूला. म्हणजे मागे राहिलेल्यांपैकी. मी तिला विचारत गेले आणि ती आधी थोडं थांबून, मग न थांबता सांगत गेली. तिचे आजोबा आणि त्यांचा भाऊ दोघं लढाईत होते. करार झाला तेव्हा आजोबांना सांगण्यात आलं, की घाबरू नका, सीमा आखायला आयोग बसणार आहे. तुमचा परगणा आपल्या लोकांचा, तो आपल्याकडेच येईल. आजोबा वाट बघत बसले. भाऊ दक्षिणेत गेला आणि नव्या सरकारच्या पोलिसात लागला. आयोग बसला, फिरला, आणि शेवटी रेघ जिथं होती तिथंच राहिली. दक्षिणेच्या सरकारनं त्यावरही सही केली.

"आजोबांना इंग्रजांचा खूप राग असेल," मी म्हणाले.

"इंग्रजांचा?" नोरा हसली. "इंग्रजांविषयी ते हवामानाविषयी बोलावं तसं बोलायचे. पाऊस पडणारच, इंग्रज तसे वागणारच. पण डब्लिनचं नाव निघालं की ताट सरकवायचे. म्हणायचे, आम्ही त्यांच्यासाठी लढलो आणि त्यांनी आम्हाला नोटेसारखं मोडलं. पुढं दक्षिण पूर्ण प्रजासत्ताक झाली, त्या दिवशी गावात लोक रेडिओला कान लावून बसले होते. आजोबा बाहेर जाऊन गुरांना चारा घालत राहिले."

आमच्या रस्त्याविषयी मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. ती म्हणाली, "तुझं घर मला दाखवशील?"

तिला नव्या रस्त्यानं आणलं. मुरूम अजून ओला होता. ओढ्याशी आल्यावर तिनं बूट काढले, पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दगडांवरून माझ्यामागं आली. आईनं तिला गुळाचा चहा दिला, गरम भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तसं आई कित्येक दिवसांनी हसली. मग आईनं मला मध्ये घालून तिला सगळं विचारून घेतलं.

"तिला इचार, आजा मंग त्या भावाशी बोलला का?"

नोरा म्हणाली, नाही बोलले. आजोबा गेले तेव्हा भाऊ सीमा ओलांडून आला. म्हातारा झाला होता. शवपेटीला खांदा द्यायला पुढं झाला. तेव्हा आजीनं त्याला अडवलं नाही.

मी हे आईला सांगितलं. आई चुलीतली लाकडं मागं ओढत होती. "आडवायचं कशापायी," ती म्हणाली. "खांदा द्यायला समदीच येत्यात. जित्या मानसाला वाट द्यायला कोन येतंय त्ये बगावं."

मला याचं इंग्रजी करता आलं नाही. नोरानंही आग्रह केला नाही.

मोजणी झाली नाही. एकदा दोन माणसं साखळी घेऊन आली, ओढ्याच्या काठावर उभी राहिली, चहा पिऊन गेली. मग अधिकारी बदलला, मग निवडणूक आली. मिलिंदनं अर्ज केले, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. अलीकडचा मुरमाचा रस्ता डांबरी झाला, मग सिमेंटचा. दिवे आले. शाळेची व्हॅन विहारापर्यंत यायला लागली. भाजीचा टेम्पो दारात येतो म्हणून अलीकडच्या घरांनी टोमॅटो लावला, घरांवर स्लॅब पडले. विलासदादा ग्रामपंचायतीवर दोनदा निवडून आला. पलीकडची घरं एकेक करून बंद झाली. कुणी नारायणगावला खोली घेतली, कुणी चाकणला कंपनीत गेलं. मिलिंदनं आळेफाट्याला गॅरेज टाकलं, तिथंच बिऱ्हाड केलं. तो आईला भेटायला येतो तेव्हा सिमेंटच्या रस्त्यानं येत नाही. गाडी सडकेवर लावतो आणि पूर्वीसारखा बांधाबांधानं, लांबून येतो. बायको-मुलांनाही तसंच आणतो. हट्ट आहे, मला कळतं. पण त्याला हे सांगायला माझी जीभ उचलत नाही.

मी शिकवते त्या पुस्तकात या सगळ्याला एक परिच्छेद आहे. "कराराने आयर्लंडला स्वातंत्र्य मिळाले, तथापि उत्तरेचा प्रश्न शिल्लक राहिला." माझ्या मनात त्या 'तथापि'मध्ये माणसं राहतात. ताट सरकवणारा एक म्हातारा राहतो. आणि खरं सांगायचं तर करार करणाऱ्या त्या तरुणालाही मी आता पूर्वीसारखी सहज दोषी धरू शकत नाही. त्याला त्याच्याच देशातल्या माणसांनी रस्त्यात गाठून मारलं. त्याच्या बाजूनं बोलणारी पुस्तकं मी वाचली आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पटणं आणि विसरणं यांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नसतो.

गेल्या रविवारी मी आईकडे होते. ती ओट्यावर लसणाच्या जुड्या बांधत होती. समोरून विलासदादा येताना दिसला. चप्पल हातात, धोतराचा सोगा वर धरलेला. कितीतरी वर्षांनी तो या काठावर आला होता. केस पांढरे झालेले, चालणं जड.

"काकू, जयभीम."

"जयभीम. ये." आईनं जुडी खाली ठेवली. "गाडी कुटं लावलीस?"

"वढ्यापाशी."

"हां," आई म्हणाली. "तितवरच येती."

तो ओट्याच्या कडेला बसला. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यानं आईच्या हातात दिली, एक मला दिली. मी चहा केला. मुलगा कुठला, काय करतो, सगळं त्यानं सांगितलं, आईनं ऐकून घेतलं. मग ती पाणी घ्यायला आत गेली आणि तो हळू आवाजात म्हणाला, "वैशू, तू शिकल्याली हायेस. तू तरी समजून घे. त्या दिशी सही केली नसती तर कुनालाच काय मिळालं नसतं. पोरांवर केशी झाल्या असत्या. आज ईस घरांच्या दारात गाडी येती."

"खरंय, दादा."

त्याला भांडणाची अपेक्षा असावी. तो गोंधळला. "खरंय म्हंतीस. मंग आपल्यात ह्ये असं का?"

"कचेरीतून मंडप किती लांब होता? रस्ता ओलांडला की मंडप. आई तिथंच बसली होती. तू बाहेर येऊन एकदा तिला विचारलं असतंस, काकू, एवढंच देतायत, घेऊ का, तर मिलिंद भांडला असता, मीही भांडले असते. पण आई म्हणाली असती, घे."

त्यानं ओढ्याकडे पाहिलं. त्या काठाला त्याची पांढरी गाडी उन्हात चमकत होती.

"ठावं व्हतं मला," तो म्हणाला. "काकू घेच म्हनली असती. आतमंदी पेन हातात घ्येतला तवा मला तिचंच त्वांड दिसत व्हतं. म्हनून तर भाईर आलो न्हाई. तिनं घे म्हनल्यावर मंग सही कशी केली असती मी?"

इतकी वर्षं मी समजत होते, की त्यानं आम्हाला विचारात घेतलं नाही. त्यानं घेतलं होतं. आईचा चांगुलपणा त्याला पुरता ठाऊक होता, आणि त्याच्यासमोर उभं राहायला लागू नये म्हणून त्यानं दार आतून लावून घेतलं होतं.

आई तांब्या घेऊन दारात आली. तिनं ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. विलासदादा उठला. "काकू, लगनाला यायचं. मांडवात तुमी पायजे. गुडगं दुखत असत्याल तर मी उचलून न्हेतो वढ्यातनं."

आईनं तांब्या त्याच्यापुढं धरला. तो पाणी प्याला.

"पोरीला आशीर्वाद हाय माजा," आई म्हणाली. "तिचं काय न्हाई त्यात. पर तू मला उचलायला येऊ नगंस, विलास. माजी वाट हुईल तवा मी चालत यीन."